बाळाचे रडणे मंदावते तेव्हा...

नवजात बालकाचा आजार पुष्कळदा गाजावाजा न करता येतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरला तरी ताप चढेलच असे नाही. उलट अंग गार पडू शकते. सकाळपर्यंत जोमाने दूध ओढणारे बाळ दुपारी चोखणे सोडून निपचित पडते. 'बाळ शांत आहे, झोपू द्या' असे घरच्यांना वाटते आणि मोलाचे तास निघून जातात.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नेमका हा बदल ओळखण्याचे शिक्षण गावातल्याच स्त्रियांना दिले. या आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळ तपासत. पूर्वी चांगले असलेले रडणे क्षीण झाले का, चोखणे मंदावले का, बाळ सुस्त झाले का, हे त्यांचे प्रमुख प्रश्न. म्हणजेच आजचे बाळ कालच्या बाळाशी ताडून पाहायचे. त्यासाठी जन्मापासूनच्या भेटी आणि आईचे म्हणणे, दोन्ही आवश्यक. अंग गार वा गरम लागणे, कण्हणे किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, पोट फुगणे, बेंबीत वा त्वचेवर पू होणे, हीही लक्षणे यादीत होती.

एकटे लक्षण फसवू शकते. म्हणून एकाच वेळी दोन लक्षणे दिसली की गंभीर जंतुसंसर्ग मानला जाई. आई-वडील बाळाला रुग्णालयात नेण्यास तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने जेन्टामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे कोट्रायमोक्साझोल घरीच दिले जाई. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

केंद्र सरकारने २०११ मध्ये घरपोच नवजात सेवेची योजना देशभर आणली. तीनुसार आशा कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला सहा, तर घरी जन्मलेल्या बाळाला सात भेटी द्यावयाच्या असतात. शेवटची ४२व्या दिवशी.

मात्र दोन भेटींमधील दिवस-रात्र बाळ आईजवळच असते. दूध ओढणे थांबले, अंग गार पडले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, तर दुसऱ्या लक्षणाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. 'काल असे नव्हते' हे आईचे वाक्य घरातल्या मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये.