एक मोठी तलवार की दोन छोट्या?

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो व लढाईचा निकाल फाशांवर लागतो.

२०१४ च्या नियमांनुसार दोन हातांनी पेललेल्या मोठ्या तलवारीचा वार लागला, तर सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेत योद्ध्याच्या बळाचे गुण मिळवतात. तेवढे शत्रूचे प्राणगुण कमी होतात. दोन्ही हातांत छोट्या तलवारी असल्यास वार दोन होतात. प्रत्येकास फासा एकच आणि बळाचे गुण फक्त पहिल्या वाराला!

समजा, बळाचे गुण ३ आहेत व वार लागण्याची शक्यता ६० टक्के आहे. (अचूक वाराचा विशेष नियम येथे सोडून देऊ.) एका फाशाची सरासरी ३.५ असते.

मोठी तलवार : ७ + ३ = १०
छोट्या तलवारी : ६.५ + ३.५ = १०

दहाचे ६० टक्के म्हणजे ६. दोहोंची सरासरी सारखीच! मग कोणतेही शस्त्र घेतले तरी चालेल काय?

नाही. मोठी तलवार शंभरात ४० वेळा हुकते. दोन्ही छोट्या एकदम हुकण्याची शक्यता ०.४ × ०.४, म्हणजे १६ टक्केच. शत्रूचा एकच प्राणगुण उरला असेल, तर छोट्या तलवारी ८४ टक्के यश देतात, मोठी ६०. पण ७ प्राणगुणांचा ताजा शत्रू एका फेरीत लोळवण्याची शक्यता मोठ्या तलवारीने ५५ टक्के, छोट्यांनी ४५!

सरासरी सारखी असली, तरी आकड्यांचा विस्तार वेगळा असू शकतो. पाऊस असो वा परीक्षेचे गुण, नुसत्या सरासरीवर विसंबू नका.

आता पुढचे गणित तुम्ही करा : पाचव्या पातळीवर योद्ध्याला एक मुख्य वार जादा मिळतो. तेव्हा कोणाची सरासरी वरचढ ठरेल?