तरसालीचे पत्र : कानस आणि पदवी

बडोद्याला परमुलूख म्हणायला मराठी जीभ कचरते. पण राजवाडा मागे टाकून दक्षिणेला मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीकडे निघालात, की कानावर गुजरातीच पडू लागते. इथेच तरसालीचे सरकारी आयटीआय आहे. फिटर ट्रेडच्या नव्या पोराच्या हाती आधी कानस येते. (गुजरातीतही ती कानसच.) लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला, की पुन्हा घासा. तळहात सोलतात, पण डोळा तयार होतो.

पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये याहून वेगळे काही नाही. 1950 पासून आयटीआय प्रशिक्षणाची योजना केंद्राची. ट्रेड तेच, परीक्षाही देशभर एकच. गुजरातने एक शहाणपणाचे काम केले: आठवी पास मुलाने दोन वर्षांचा ट्रेड पुरा करून भाषेची परीक्षा दिली, की त्याला दहावीची समकक्षता मिळते. म्हणजे पुढची वाट बंद होत नाही.

जर्मनीत क्रमच उलटा. मुलगा आधी कंपनीशी करार करतो. आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, बाकीचे मशीनवर. विद्यावेतन मालक देतो आणि परीक्षा उद्योगांचे मंडळ घेते. 1969 च्या कायद्याने हे पक्के केले. आपल्याकडे अप्रेंटिस कायदा त्याच्याही आधीचा, 1961 चा. पण आधी आयटीआय पास व्हायचे आणि मग जीआयडीसीची दारे ठोठावायची, हीच बहुतेकांची रीत. शिवाय तिकडचा ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर, पात्रतेच्या सरकारी चौकटीत पदवीधराच्याच पायरीवर बसतो. मला खरा फरक हाच वाटतो.

कारण बडोद्याने दुसरे टोक पाहिले आहे: इथे कारागिरीची शाळाच पदवीची झाली. महाराजा सयाजीरावांनी 1890 मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन दिले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायचे, तेही लोकांच्या भाषेत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पुढे कलाभवन विद्यापीठात गेले आणि इंजिनिअरिंगची फॅकल्टी झाले. मान वाढला, कानस मात्र शहराच्या कडेला, तरसालीला आली.

इथले पालक म्हणतात, ‘काही नाही तर आयटीआय’. तुमच्याकडे दहावीच्या निकालादिवशी ‘निदान आयटीआय तरी’ यातला ‘निदान’ गळाला असेल, तर जरूर कळवा.