भूकंपलेखक : पृथ्वीचा रोजनामा लिहिणारे यंत्र

पृथ्वी हलली असता ती किती हलली हे मोजावयाचे झाल्यास मोजणाराने उभे कोठे राहावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटला तरी भूकंपशास्त्राचा निम्माअधिक इतिहास त्याच्या उत्तराच्या शोधातच खर्ची पडलेला आहे. नदीचा पूर काठावर उभे राहून मोजता येतो, वाऱ्याचा वेग जमिनीत रोवलेल्या खांबावरून मोजता येतो. परंतु ज्या जमिनीच्या आधारावर प्रत्येक काठ आणि प्रत्येक खांब उभा आहे तीच थरथरू लागली म्हणजे मोजणारा, मोजपट्टी आणि मोजावयाची वस्तू ही तिन्ही एकाच वेळी हलतात, आणि जबानी घ्यावी असा तटस्थ साक्षीदार कोणी उरत नाही. हा साक्षीदार ज्या यंत्राने उभा केला त्या भूकंपलेखकाचा परिचय आपल्याकडे फारच थोड्यांना असतो. दुर्बिणीचे कौतुक शाळेतली मुलेही करतात. पायाखालच्या सहा हजार किलोमीटरांचा ठाव लावणारे हे यंत्र मात्र वेधशाळेच्या तळघरात अनामिकपणे आपले काम करीत असते.

हे यंत्र नव्हते तेव्हा भूकंपाच्या कारणांची वाण होती असे मुळीच नाही. उलट कारणे फार आणि मोजमाप शून्य अशीच परिस्थिती होती. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपलक्षणांसाठी एक स्वतंत्र अध्याय दिला असून, समुद्रातील महाकाय प्राण्यांची हालचाल, पृथ्वीचा भार वाहून श्रमलेले दिग्गज, परस्परांवर आदळून भूमीवर कोसळणारे वारे, अशी पूर्वाचार्यांची नाना मते त्यात नमूद केली आहेत. वाऱ्याचे मत ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटललाही मान्य होते. या मतांना हसणे सोपे आहे. पण ज्याचा आरंभ कोठे झाला, केव्हा झाला आणि त्याची व्याप्ती किती हे तिन्ही अज्ञात, त्या घटनेविषयी याहून अधिक काही सांगणे कोणत्याही बुद्धिमंताला शक्य नव्हते, हेही तितकेच खरे. चीनमध्ये इसवी सन 132 मध्ये झांग हेंग या विद्वानाने एक कांस्यपात्र घडविले. त्याच्या अंगावरील आठ नागमुखांपैकी धक्क्याच्या दिशेच्या मुखातील गोळी खालच्या बेडकाच्या तोंडात पडावी अशी त्याची योजना होती. कल्पना मोठी चतुर. पण ते पात्र वर्दी देणारे होते, नोंद ठेवणारे नव्हे. धक्का किती वेळ चालला आणि कसा वाढत वा ओसरत गेला, याचा तपशील त्यातून मिळण्याची सोय नव्हती.

नोंद ठेवणारे यंत्र घडले ते जपानात, आणि त्याचे बरेचसे श्रेय जॉन मिल्न या इंग्रजाकडे जाते. 1876 साली तो टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणशास्त्र व भूशास्त्र शिकविण्यासाठी गेला. फेब्रुवारी 1880 मध्ये योकोहामाला बसलेल्या धक्क्यानंतर त्याच वर्षी तेथे भूकंपविषयक संस्था स्थापन झाली, आणि मिल्न, जेम्स इविंग व टॉमस ग्रे या तिघांनी मिळून या यंत्राला त्याचे व्यवहार्य रूप दिले. त्यामागील तत्त्व न्यूटनइतके जुने आहे. जड वस्तू जागेवरून हलण्यास नाखूष असते. तिला चौकटीतून सैल टांगले तर भूकंपाच्या क्षणी चौकट जमिनीबरोबर हलते आणि ती वस्तू, जडत्वामुळे, काही काळ जागच्या जागी राहते. त्या दोहोंमधील फरक फिरत्या कागदावर उमटविला की जमिनीच्या हालचालीची रेषा हाती येते.

अडचण आहे ती या 'काही काळ'मध्ये. जमिनीच्या हेलकाव्यापेक्षा लंबकाचा स्वतःचा हेलकावा सावकाश असला तरच लंबक स्थिर राहतो. आणि दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा तर वीस-वीस सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी येतात. वीस सेकंदांत एक आंदोलन पुरे करणारा साधा लंबक टांगावयाचा तर त्याची दोरी सुमारे 100 मीटर लांब हवी. एवढी उंच वेधशाळा कोण बांधणार? यावर तोड निघाली ती आडव्या लंबकाची : किंचित कललेल्या खांबाला बसविलेले अंगणाचे फाटक जसे हळूहळू डुलत आपल्या मूळ जागी येते, तशी टोकाला वजन असलेली आडवी दांडी खांबाला अडकवावयाची आणि खांब जितका उभ्या रेषेच्या जवळ न्यावा तितके तिचे डुलणे सावकाश होत जाते. शंभर मीटर उंचीनेच जे साधले असते ते अंशाच्या अल्प भागाच्या कलाने साधले. मिल्नचे लंबक एकदा हलले की बराच वेळ आपल्याच तालात डोलत राहत, आणि मग पृथ्वीचे डोलणे कोठे संपले व यंत्राचे कोठे सुरू झाले हे कळेनासे होई. हा दोष गॉटिंगेनच्या एमिल व्हीखर्टने लंबकाला अवरोधाची जोड देऊन दूर केला, आणि रशियात गॅलित्झिनने लंबकाला तारेचे वेटोळे व लोहचुंबक जोडून जमिनीची हालचाल विद्युत्प्रवाहाच्या रूपाने टिपली.

या यंत्राच्या चरित्रातील खरा नाट्यप्रसंग मात्र अनपेक्षितपणे घडला. एप्रिल 1889 मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम व विल्हेल्म्सहाफेन येथे एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ या तरुण शास्त्रज्ञाचे लंबक, जे भूकंपासाठी नव्हे तर सूक्ष्म कलांच्या मोजणीसाठी मांडलेले होते, एकाच सुमारास विचलित झालेले आढळले. पुढे जपानातील एका भूकंपाचे वृत्त त्याच्या वाचनात आले, वेळांचा मेळ घातला गेला, आणि टोकियोत बसलेला धक्का पृथ्वीचे पोट भेदून जर्मनीत पोचला होता असे सिद्ध झाले. तोवर भूकंप ही ज्या गावी होईल त्या गावची आपत्ती होती. येथून पुढे तो साऱ्या पृथ्वीचे पोट उजळणारा प्रकाश झाला, जिच्या आत डोकावण्याचा दुसरा मार्ग माणसाजवळ नव्हता.

मिल्न 1895 साली इंग्लंडला परतला आणि वाइट बेटावरील शाइड या गावी राहून त्याने जगभर आपली यंत्रे बसविण्याची खटपट आरंभिली. त्यांतील एक मुंबईस आले. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, 1826 साली बांधलेली. तिचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत, 1898 साली, तेथे मिल्नचे भूकंपलेखक यंत्र सुरू झाले. विजेच्या ट्रामगाड्या मुंबईत येणार म्हटल्यावर चुंबकीय वेध अलिबागेस हलवावे लागले. भूकंपलेखकाने मात्र शहराच्या गलबल्यातच तळ ठोकला. त्याच्या रेषेत भूकंप नसतानाही एक बारीक, अखंड कंप दिसे, आणि पावसाळा आला की तो फुगे. सामान्य निरीक्षकाने त्याला यंत्राची कुरकुर समजून सोडून दिले असते. 1920 नंतरच्या दशकात कुलाब्याचे संचालक असलेल्या सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी त्या कंपाचा पाठपुरावा केला, तो अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांतील वादळी हवामानाशी निगडित असल्याचे दाखवून दिले, आणि 1930 साली त्यावरील त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. मोसमी वाऱ्याने खवळलेला समुद्र कुलाब्याच्या खडकाला हलवतो आणि तळघरातील एक दांडी ते लिहून ठेवते, ही गोष्ट मला कोणत्याही मोठ्या भूकंपाच्या नोंदीहून अधिक विलक्षण वाटते.

आता ही रेषा वाचतात कशी? 12 जून 1897 रोजी आसामात झालेल्या प्रलयंकारी भूकंपाचा अहवाल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम याने लिहिला, आणि दूरदूरच्या नोंदी समोर ठेवून त्याने त्यांत तीन प्रकारच्या लाटा वेगळ्या ओळखल्या. पहिल्या येतात त्या प्राथमिक. खडकाला पुढेमागे दाबीत-ताणीत, भूपृष्ठाजवळच्या कठीण खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने. दुसऱ्या, द्वितीयक, खडकाला आडवे झटके देत साडेतीन किलोमीटरांच्या आसपासच्या वेगाने मागाहून पोचतात. आणि पृष्ठभागावरून सरकणाऱ्या, पसरट व विध्वंसक लाटा त्यांच्याही मागून. पहिल्या दोहोंच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर पडेल त्याला आठाने गुणावे की जवळपासच्या भूकंपाचे किलोमीटरांतील अंतर ढोबळपणे मिळते; तीन वेधशाळांभोवती अशी तीन वर्तुळे काढली की ती जेथे मिळतात तेथे उगम. साऱ्याची मदार घड्याळावर. म्हणून जुन्या वेधशाळांत यंत्राइतकीच निगा घड्याळाची राखीत. ओल्डहॅमनेच पुढे 1906 साली, पृथ्वीच्या पलीकडल्या बाजूस लाटा अपेक्षेहून उशिरा पोचतात यावरून, तिच्या पोटात वेगळ्या द्रव्याचा गाभा असल्याचे अनुमान केले. द्वितीयक लाटा द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या गाभ्यातून पार होत नाहीत, म्हणून त्याचा बाह्य भाग द्रवरूप आहे हे पुढे मान्य झाले.

भूकंप का होतो याचे उत्तर मात्र केवळ रेषांतून आले नाही. ते शेतांच्या कुंपणांतून आले. एप्रिल 1906 मधील सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासून आडवी सरकली, आणि तिच्यावरून सरळ गेलेली कुंपणे व रस्ते तुटून कित्येक ठिकाणी काही मीटर बाजूला झाले. भूकंपापूर्वीच्या व नंतरच्या जमीनमोजणीची तुलना करून हॅरी रीड याने 1910 साली असे प्रतिपादन केले की, भंगाच्या दोन्ही अंगांचे खडक वर्षानुवर्षे विरुद्ध दिशांना ओढले जात असता घर्षणाने मध्ये अडकून वाकत राहतात, आणि घर्षणाची शिकस्त झाली म्हणजे एकदम सुटून पूर्वपदावर येतात; साठलेला ताण लाटांच्या रूपाने बाहेर पडतो तोच भूकंप. हे ओढणारे कोण, हे मात्र पुढील अर्धशतक गूढच राहिले. 1960 नंतर अमेरिकेने अणुस्फोटांवर पाळत ठेवण्यासाठी जगभर शंभरावर वेधशाळांना एकसारखी यंत्रे पुरविली (आपल्याकडे पुणे, दिल्ली, शिलाँग व कोडाईकॅनल यांना ती मिळाली), आणि राष्ट्रांच्या परस्परांवरील संशयापोटी उभारलेल्या त्या जाळ्याने भूकंपांची केंद्रे इतकी नेमकी दाखविली की ती नकाशावर अरुंद पट्ट्यांत ओळीने उभी राहिली. पृथ्वीचे कवच काही मोठ्या पट्टांचे बनलेले असून त्यांच्या कडा एकमेकींना घासतात, हा सिद्धांत त्या नकाशाने पुष्ट केला. भारताचा पट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे.

या उत्तराने हिमालयाचे भूकंप समजतात. सह्याद्रीचे समजत नाहीत. दख्खनचे पठार पट्टाच्या कडेपासून कितीतरी दूर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे, आणि भूकंपाच्या दृष्टीने स्वस्थ गणले गेलेले. तेथेच कोयनेचे 103 मीटर उंचीचे धरण बांधून 1962 पासून त्याचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला, आणि जमिनीतून गडगडाट व लहानसहान धक्के सुरू झाले. आसपास भूकंपलेखक बसविण्यात आले, आणि धक्क्यांचा उगम बहुतांशी जलाशयाच्याच परिसरात असल्याचे त्यांनी दाखविले. 13 सप्टेंबर 1967 ला पाचांहून अधिक प्रतीचा धक्का बसला. आणि 11 डिसेंबरच्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या सुमारास माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या अंगात बसविलेल्या त्वरणलेखकाने नोंदविलेला आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून अधिक होता, आणि आराखड्यात धरलेला होता एक-विसांश. धरणाच्या काही खंडांना चिरा पडल्या. धरण उभे राहिले.

पाणी दोषी की निर्दोष, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. पाण्याच्या नुसत्या भाराने डोंगर फुटावा ही कल्पना अभियंत्यांना पटत नव्हती, आणि त्यांचा आक्षेप अगदीच गैरवाजवी नव्हता. कारण खडकातील ताण पाण्याने निर्माण केलेला नव्हे, तो भूगर्भाने आधीच साठविलेला होता. पाणी फटींतून खोल झिरपते, छिद्रांतील दाब वाढवते, भंगाच्या दोन्ही अंगांना एकमेकींवर दाबून धरणारे बळ तेवढ्याने उणे होते, आणि निसटण्याच्या बेतात असलेला खडक निसटतो. हर्ष गुप्ता प्रभृती संशोधकांनी जलाशयाच्या नोंदी व भूकंपलेखकांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून, पाणी किती वेगाने चढले, किती उंच चढले आणि त्या उंचीवर किती काळ राहिले या तीन गोष्टींशी धक्क्यांचा संबंध दाखविला. वारणेचे धरण भरू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. 1967 नंतर या सुमारे तीस किलोमीटर लांब व वीस किलोमीटर रुंद टापूत पाचांहून अधिक प्रतीचे वीसांवर धक्के नोंदले गेले आहेत, आणि ते या टापूबाहेर सहसा जात नाहीत. भूकंपाच्या अभ्यासाला याहून सोयीची जागा जगात क्वचितच सापडेल.

याच पठारावरील किल्लारी गावाची गोष्ट निराळी. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास तेथे कोयनेच्याच तोडीचा, 6.2 प्रतीचा धक्का बसला, आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. फरक मुख्यतः घरांत होता : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांनी जड झालेली माळवदे, जी उन्हाळ्यात थंडावा देत आणि त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आली. भूकंपाची प्रत भूकंपलेखक सांगतो. मृतांची संख्या गवंडी ठरवितो.

हे यंत्र भविष्य सांगत नाही. जपानात आज वेगवान प्राथमिक लाटा टिपून, विध्वंसक लाटा पोचण्यापूर्वी काही सेकंद इशारा देण्याची व्यवस्था आहे. परंतु कोयनेचे भूकंप जमिनीखाली बहुधा दहा किलोमीटरांच्या आतच उगम पावत असल्यामुळे वरच्या गावाला दोन लाटांमध्ये एक-दोन सेकंदांचेही अंतर मिळणे कठीण. म्हणून येथील संशोधकांनी दुसरी वाट धरली. कराड येथे केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे विवर 2017 साली पुरे झाले. वरचा एक किलोमीटरहून अधिक जाडीचा लाव्हा भेदल्यावर खाली थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळाचा थर नाही. ज्या खडकात हे धक्के उपजतात त्याचे तापमान, त्यातील ताण आणि फटींतील पाण्याचा दाब इतकी वर्षे पृष्ठभागावरून अदमासाने काढावा लागे. आता तो तेथेच उतरून मोजावयाचा, आणि भूकंपलेखकही वाहनांच्या व वाऱ्याच्या कंपापासून दूर, उगमाच्या तितक्या जवळ नेऊन बसवावयाचा, असा या उद्योगाचा बेत आहे.