कीटकनाशकांची विषबाधा व तिच्यावरील उतारा

कपाशीवर कीड दिसू लागली की शेतकरी दुकानातून ‘औषध’ आणतो. पिकाचे हे औषध फवारणाऱ्या मनुष्याच्या शरीराला मात्र विषच असते, ही गोष्ट या शब्दामुळे पुष्कळदा विसरली जाते. सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या हंगामात वापरलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस व मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकेही होती. या गटाचे विष शरीरात काय करते व त्यावरील उतारा कसा चालतो, हे प्रत्येक शेतकरी कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

हृदयाचे ठोके, अन्नाचे पचन, लाळ सुटणे, डोळ्यांची बाहुली लहानमोठी होणे ही कामे मनुष्याच्या इच्छेवाचून चालू असतात. त्यांवर मज्जासंस्थेच्या दोन शाखांचे नियंत्रण असते. अनुकंपी शाखा संकटसमयी शरीराला सज्ज करते. परानुकंपी शाखा विश्रांतीच्या वेळी हृदयाची गती कमी करते, लाळ व पाचक रस वाढवते आणि बाहुली आकुंचित करते. परानुकंपी मज्जातंतू आपला निरोप एका रसायनाच्या द्वारे पोहोचवतात. सन १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित केला व त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयास दिला. तेव्हा त्याचेही ठोके मंदावले. अ‍ॅसिटिलकोलीन हेच ते रसायन होय. या संशोधनाबद्दल लोवी व हेन्री डेल यांना सन १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पिकाला पाणी देताना वाफा भरताच दारे धरणारा मनुष्य पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवतो. शरीरात हे काम कोलिनएस्टरेज नावाचे विकर करते. निरोप पोहोचताच ते अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन करते. ऑर्गॅनोफॉस्फरस विष या विकरालाच निकामी करते. मग दारे धरणारा कोणी उरत नाही आणि वाफे तुडुंब भरून फुटू लागतात. किडीच्या मज्जातंतूंतही हेच रसायन असल्यामुळे कीड मरते, आणि त्याच कारणाने मनुष्यालाही बाधा होते.

तोंडातून लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी येणे, दरदरून घाम सुटणे, उलट्या, जुलाब, पोटात कळा आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही त्याची लक्षणे होत. सर्वांत मोठा धोका फुप्फुसांत असतो. श्वासनलिका आकुंचित होऊन स्रावाने भरते आणि रोगी कोरड्या जमिनीवर असूनही बुडाल्यासारखा गुदमरतो. आश्विनातील उन्हात घाम व घेरी आल्यास ‘ऊन लागले’ असे समजून रोग्यास झाडाखाली निजवून ठेवतात. त्यात मोलाचा वेळ जातो.

या विषावरील मुख्य उतारा म्हणजे अ‍ॅट्रोपीन. अ‍ॅसिटिलकोलीन ज्या ठिकाणी आपला परिणाम घडवते, ती जागा ते अडवून धरते. पाण्याचा लोंढा चालूच असतो, पण वाफ्याच्या तोंडाशी बांध पडतो. त्यामुळे स्राव आटतात, श्वासनलिका मोकळी होते व हृदयाची गती वाढते. एरवी अ‍ॅट्रोपीनची मात्रा सुमारे ०.६ मिलिग्रॅम असते. तीव्र विषबाधेत मात्र फुप्फुसे कोरडी होईपर्यंत डॉक्टरांना ती दर काही मिनिटांनी वाढवत न्यावी लागते, आणि एकूण मात्रा कित्येक दहा मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. मात्रा अधिक झाल्यास ज्वर व भ्रम होतो. म्हणून हा उपचार रुग्णालयातच व्हावयास हवा. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीनसारखी द्रव्ये असतात, तथापि त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. धोत्र्याचा काढा हा उतारा नसून दुसरी विषबाधाच होय.

येथे मात्रेचे महत्त्व ध्यानात घ्यावे. निओस्टिग्मीन हे औषधही कोलिनएस्टरेजला रोखते, परंतु काही काळापुरतेच. नागदंशाने स्नायू लुळे पडू लागले असता सर्पविषावरील लसीच्या जोडीला डॉक्टर ते मोजून देतात, व सोबत अ‍ॅट्रोपीनही देतात. जी क्रिया मोजून केली असता रोग्यास तारते, तीच फवारणीच्या विषाने अनिर्बंध घडून प्राण घेते.

अ‍ॅट्रोपीनलाही मर्यादा आहे. श्वसनाच्या स्नायूंना आलेला अशक्तपणा त्याने दूर होत नाही. प्रसंगी रोग्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. हा अशक्तपणा कधी कधी सुधारणा दिसल्यानंतर, विषबाधेपासून एक ते चार दिवसांनी उद्भवतो. बरे वाटले म्हणून रोग्यास घाईने घरी नेणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

विषबाधेची शंका येताच रोग्यास शेतातून मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढावेत आणि अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. मुद्दाम उलटी करवू नये. शुद्ध हरपली असल्यास कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी रुग्णालयात अवश्य न्यावी. सर्वच कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपीन हा उतारा नव्हे. कोणते विष अंगात गेले, हे त्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना तत्काळ कळते.

अ‍ॅट्रोपीन आधी घेऊन फवारणीस जाता येत नाही. विष त्वचेवाटेही शरीरात शिरते. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व मुखाच्छादन वापरणे, वाऱ्याच्या दिशेने फवारणे, डोक्याहून उंच पिकात न शिरणे आणि गळका पंप पाठीवर न घेणे, ही दक्षता शेतकरी बंधूंनी स्वतः घ्यावी व मजुरांकडूनही घेववावी. मजुरास संरक्षक साधने पुरवणे ही फवारणी करवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे.