लेझरची ओळख – भाग ६ : वाकडं नक्की कोण कापतंय?

मेच्या मध्यावर एका दुपारी परभणीजवळच्या पेडगावात काठी उभी केली, तर तिची सावली काही क्षण गायब होते. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तोच सूर्य २२ डिसेंबरच्या दुपारी सुमारे ४३ अंश कललेला असतो, आणि जेवढं ऊन मेमध्ये १०० चौरस फुटांत मावायचं तेवढंच आता सुमारे १३६ चौरस फुटांवर पसरतं. लेझरचंही तसंच. तिरपा पडला की गोल ठिपका लांबट होतो, ६० अंश कलला की दुप्पट जागा व्यापतो. शक्ती तीच, चटका मात्र निम्मा.

पाट्या आणि सन्मानचिन्हं कोरणाऱ्या दुकानांत बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझर असतो. तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी घडवला. जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. ६ मिलिमीटरचा झोत ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून गेला की जवळपास सात अंशांच्या शंकूसारखा निमुळता होत ०.११ मिलिमीटरच्या ठिपक्यावर येतो, आणि त्याच्याखाली पुन्हा फाकतो. भिंग १०० मिलिमीटरचं घेतलं तर शंकू अर्धा होतो, ठिपका दुप्पट जाड होतो, पण नेम चौपट खोलीपर्यंत टिकतो. म्हणून बारीक अक्षरांना जवळचं भिंग, जाड अॅक्रिलिकला लांबचं.

म्हणजे कोन दोन आहेत : किरण कलण्याचा आणि किरण निमुळता होण्याचा. कारागीरही यांची गल्लत करतात.

तिरपेपणा दरवेळी वाईटच, असंही नाही. गुळगुळीत पोलादावर हा किरण सरळ पडला तर बहुतेक परतच फिरतो. पण पत्र्यात एकदा चीर पडली, की तो चिरेच्या उभ्या भिंतीला घासत उतरतो, आणि अशा घासत्या कोनात, किरणाच्या लहरी डोलण्याची दिशा, म्हणजे ध्रुवीकरणाची दिशा, जुळली तर, धातू त्याला कितीतरी जास्त शोषतो. दिशा जुळली नाही तर एका बाजूचा काप स्वच्छ, दुसऱ्या बाजूचा रखडलेला. म्हणून पत्रा कापणाऱ्या यंत्रांत खास आरसा लावून ध्रुवीकरण वर्तुळाकार करून घेतात.

तुमच्या यंत्राचं दुखणं कुठलं, ते असं ओळखा. १० मिलिमीटर जाड अॅक्रिलिकचा चौकोन कापा आणि चारही कडांना गुण्या लावा. चारही कडा सारख्याच उतरत्या असतील तर तो भिंगाचा शंकू आहे. भिंग किंवा त्याची उंची बदला. समोरासमोरच्या कडा एकाच दिशेला झुकल्या असतील तर भिंगाला हात लावू नका. किरण भिंगाच्या मध्यातून जात नाही किंवा पाट समतल नाही. आधी आरसे आणि पाट तपासा.