वृक्षवासी सापसुरळी : पाळण्यापूर्वी विचारात घ्यावयाच्या गोष्टी

म्हैसूर जिल्ह्यातील तलकाड हे गाव कावेरीच्या तीरावर वसलेले असून वाळूच्या टेकड्यांत बुडालेल्या मंदिरांसाठी ते प्रसिद्ध आहे. दक्षिण भारतातील इतर गावांप्रमाणे येथेही पालापाचोळ्यात व दगडांच्या फटींत एक तपकिरी, तुळतुळीत अंगाचा प्राणी क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. मराठीत त्यास सापसुरळी म्हणतात; कन्नडमध्ये त्याचे नाव ‘हावुराणी’, म्हणजे सापांची राणी, असे आहे. नावामुळे लोक त्यास भितात. परंतु हा प्राणी साप नव्हे आणि विषारीही नव्हे. तो पाली व सरडे यांचा आप्त होय.

या सापसुरळीचे सर्वांत मोठे भावंड येथून हजारो किलोमीटर दूर, प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर राहते. प्राणिशास्त्रात त्यास ‘कोरुशिया झेब्राटा’ असे नाव आहे. शेपटीसह त्याची लांबी पाऊण मीटरच्या आसपास भरते, आणि त्यातील निम्मी लांबी केवळ शेपटीची असते. माकडांच्या काही जातींप्रमाणे ही शेपटी फांदीला विळखा घालते, म्हणून चढताना ती पाचव्या हाताचे काम करते. या प्राण्याचे बहुतेक आयुष्य झाडावरच जाते. दिसावयास देखणा आणि स्वभावाने संथ असल्यामुळे हौशी लोकांस तो घरी ठेवावासा वाटतो. तलकाडसारख्या ठिकाणी एखाद्याच्या मनात हा विचार आला, तर त्याने कोणत्या गोष्टी तपासून पाहाव्यात?

पहिली गोष्ट हवामानाची. सॉलोमन बेटांवर वर्षभर पाऊस पडतो. तेथील बहुतेक भागांत त्याचे प्रमाण वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास असते, आणि दिवस व रात्र यांच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. म्हैसूरच्या पठारावर पावसाचे प्रमाण याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे असते. उन्हाळ्यात हवा कोरडी व तप्त होते, तर हिवाळ्यातील रात्री थंड असतात. म्हणून या प्राण्यासाठी माणसाच्या उंचीचा, जाड फांद्यांनी भरलेला पिंजरा हवा, आणि त्यातील ऊब व ओलावा बारा महिने राखला पाहिजे. वीज गेली असता कोणती सोय करावयाची, हेही आधीच ठरवलेले असावे.

दुसरी गोष्ट आहाराची. बहुतेक सापसुरळ्या कीटक खातात. ही मात्र पाने, फुले व फळे यांवर जगते. आपल्या घरांत मनीप्लँट म्हणून वाढवल्या जाणाऱ्या वेलीच्या प्रजातीतील एका वेलीची पाने ती आवडीने खाते. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात व इतर अनेक प्राण्यांचे तोंड त्यांनी पोळते. या सापसुरळीस त्यांची बाधा होत नाही. परंतु रोपवाटिकेत फवारलेल्या कीटकनाशकाची बाधा होऊ शकते. म्हणून ताजी व फवारणी न केलेली पाने रोज मिळतील, याची खात्री हवी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हा प्राणी समूहाने राहतो. मादी अंडी घालीत नाही. सहा ते आठ महिने गर्भ धारण करून ती बहुधा एकाच पिलास जन्म देते. ते पिलू आईच्या लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढे मोठे असते व कित्येक महिने तिच्या सहवासात राहते. मोठ्यांची विष्ठा खाऊन ते पाने पचविण्यास आवश्यक असे सूक्ष्मजीव मिळवते. पिलू जवळ असताना मादी त्याच्या रक्षणासाठी कडकडून चावते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एकट्या पिलास आईपासून तोडून आणल्यास त्याचे आरोग्य धोक्यात येते. तसेच, जो प्राणी एका वेळी एकच पिलू देतो, त्याच्या जंगलातील संख्येस पडलेले खिंडार लवकर भरून येत नाही. १९९० च्या दशकात सॉलोमन बेटांवरून असे प्राणी परदेशांत मोठ्या संख्येने विक्रीस गेले. त्याच बेटांवर लाकडासाठी वृक्षतोडही चालू राहिली. म्हणजे प्राणी आणि त्याचे घर या दोहोंवर एकदम घाव पडला.

चौथी गोष्ट काळाची. योग्य निगा राखल्यास हा प्राणी वीस वर्षांहूनही अधिक जगतो. आज शाळेत असलेला मुलगा तोवर संसारी गृहस्थ झालेला असेल. सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळ असणे अवश्य आहे. सरीसृपांच्या अंगावर माणसास अपायकारक असे साल्मोनेला जंतू असू शकतात; म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुतले पाहिजेत, आणि लहान मुलांच्या हाती असा प्राणी देऊ नये.

शेवटची गोष्ट कायद्याची. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ही सापसुरळी १९९२ पासून समाविष्ट आहे. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीनुसार अशा परदेशी प्राण्याची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक आहे. कागदपत्रांवाचून विकला जाणारा प्राणी बहुधा चोरीचा असतो. तो विकत घेणे म्हणजे त्या चोरीस हातभार लावणे होय. आणि कंटाळा आला म्हणून परदेशी प्राणी कावेरीकाठी सोडून देणे हाही उपाय नव्हे. एक तर तो मरतो, किंवा स्थानिक प्राण्यांस त्याचा उपद्रव होतो.

या पाचही कसोट्यांस उतरणारी घरे थोडीच असतील. ज्यांस सापसुरळीचे कुतूहल आहे त्यांनी पिंजऱ्याऐवजी एक वही घ्यावी. आपल्या अंगणातील सापसुरळी कोणत्या वेळी उन्हास येते, काय खाते, कोणत्या ऋतूत तिची पिले दिसतात, याची नोंद वर्षभर ठेवावी. त्यासाठी परवाना लागत नाही, आणि कोणत्याही आईपासून तिचे पिलू तुटत नाही.