एक फाइल, तीन कॉम्प्युटर : ऑफिसचा डेटाबेस सगळ्यांनी मिळून कसा वापरायचा?

कापसाचा हंगाम सुरू झाला की अकोला-अमरावतीकडे जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग लागते. काट्यावर एकजण वजन टिपतो, दुसरा भाव भरतो, तिसरा शेतकऱ्याचा चुकारा काढतो. या नोंदी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये असतील, तर तिघांनाही एकाच डेटाबेसवर काम करावं लागतं.

मग सोय म्हणून फाइल पेन ड्राइव्हवरून फिरते. संध्याकाळी तीन कॉपी आणि तिन्हींत वेगळे आकडे! खरं वजन कोणतं, हे ठरेपर्यंत चुकारा अडकतो.

उपाय काय?

फाइलचे दोन भाग करा. एका फाइलमध्ये फक्त टेबल, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी. ती एकाच कॉम्प्युटरवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये राहील. दुसऱ्या फाइलमध्ये फॉर्म आणि रिपोर्ट. तिची कॉपी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ठेवा. 'डेटाबेस टूल्स'मधल्या 'अ‍ॅक्सेस डेटाबेस' या बटणाने ही विभागणी होते. आधी मूळ फाइलची कॉपी काढून ठेवा.

पूर्ण अ‍ॅक्सेस सगळीकडे विकत घ्यायची गरज नाही. फक्त नोंदी भरणाऱ्यांना मोफत मिळणारं 'अ‍ॅक्सेस रनटाइम' चालतं.

दोघांनी एकच नोंद उघडली तर?

फॉर्मच्या 'रेकॉर्ड लॉक्स'मध्ये 'एडिटेड रेकॉर्ड' निवडा. एकजण नोंद बदलत असेल, तोवर दुसऱ्याला ती बदलता येत नाही. कोण काय वापरतंय याचा हिशेब अ‍ॅक्सेस एका छोट्या लॉक फाइलमध्ये ठेवतं. ती फाइल तयार करणं आणि पुसणं जमावं, म्हणून त्या फोल्डरमध्ये सगळ्यांना लिहिण्याची व डिलीट करण्याची परवानगी द्या.

हे टाळा

- वाय-फाय : लिहिताना नेटवर्क तुटलं तर फाइल खराब होऊ शकते. केबलच बरी.
- गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह : तिथे नोंदी नाही, अख्खी फाइल सिंक होते. एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर चढतं.
- चालू कामात बॅकअप : सगळ्यांनी फाइल बंद केल्यावरच कॉपी काढा.

मर्यादा किती?

कागदावर 255 जण एकाच वेळी आणि फाइल 2 जीबीपर्यंत. प्रत्यक्षात माणसं वाढली की वेग त्याच्या फार आधीच मंदावतो. तेव्हा नोंदी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर न्याव्यात. तेही मोफत आहे आणि तुमचे फॉर्म बरेचसे तसेच वापरता येतात.

हा बदल गाड्यांची रांग लागण्याआधी करा. भर हंगामात फाइल बिघडली, तर ताटकळतो तो शेतकरी.